नापास काच

३ फेब्रुवारी

धाकट्याच्या डाव्या नडगीला पुन्हा तोंड फुटलं. सकाळी चहाला खाली उतरले तर भावजय त्याचा मोजा भिजत घालत होती आणि हा पठ्ठ्या पायावर वर्तमानपत्र पसरून बसला होता. म्हटलं, "उचल तो पेपर." म्हणाला, "ताई, आधी चहा तर घे." समजायचं ते समजले. पू पिवळा, वास ओळखीचा.

खांबावरून पडला त्याला आता बरीच वर्षं झाली. वीज खात्यात वायरमन आहे तो. त्या दिवशी नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. सळई घातली, हाड जुळलं, सळई काढली, पण आत शिरलेले जंतू काही निघाले नाहीत. गोळ्या चालू असल्या की गप्प बसतात, थांबवल्या की डोकं वर काढतात. तेव्हापासून तो खांबावर चढलेला नाही. तक्रारींच्या फोनवर बसवलंय त्याला. "दिवसभर शिव्या खातो, म्हणून तर वजन वाढलंय," असं हसत सांगतो. मला ते हसू बघवत नाही. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, मी वाढवलंय त्याला. उद्याच नव्या डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितली आहे.

७ फेब्रुवारी

हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे तिघंही गेलो. बाई ठेंगण्या, आवाज मात्र भरदार. एक्स-रे दिव्यावर लावून पेनच्या टोकानं दाखवलं. "हा तुकडा मेलाय. इथं रक्त पोचत नाही, म्हणजे औषधही पोचत नाही. जंतू मजेत राहतायत." रस्ते दोनच, म्हणाल्या. एक म्हणजे गुडघ्याखाली पाय काढायचा. दुसरा म्हणजे मेलेलं सगळं खरवडून काढायचं आणि त्या पोकळीत काच भरायची.

"काच?" आम्ही तिघं एकदम.

धाकटा म्हणाला, "म्हणजे पायात खिडकी बसवणार का?"

बाई हसल्या. खणातून डबी काढली. आत पांढरा, भोकाभोकांचा तुकडा होता, पावाचा गर सुकल्यावर दिसतो तसा. ही काच शरीरात हळूहळू विरघळते, विरघळता विरघळता जंतू मारते आणि तिच्या जागी हाड येतं, असं त्या म्हणाल्या. पोकळी रिकामी ठेवली तर जंतू परत घर करतात, म्हणून भरायची.

माझी उभी नोकरी काचेत गेली, पण काचेचं हाड होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काचेच्या कारखान्यातली हे कळल्यावर बाईंनी ती डबीच माझ्या हातात ठेवली. "मुदत संपलेला नमुना आहे, घेऊन जा. तुम्हाला आवडेल." ऑपरेशनसाठी महिनाअखेरची तारीख मिळाली.

घरी येऊन भिंगाखाली पाहिलं. भोकांतून भोकं, त्यांतून आणखी भोकं, आणि प्रत्येकाला काचेची पातळ भिंत. बराच वेळ भिंग खाली ठेववेना.

८ फेब्रुवारी

झोप उडवणारा दिवस. शांतपणे लिहिते.

आमच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या होतात. काच पास की नापास हे माझ्या खोलीत ठरतं. पोरं माझ्या माघारी मला नापासबाई म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. परीक्षा साधी असते. काचेचा चुरा करायचा, शुद्ध पाण्यात उकळायचा, पाण्यात रंगाच्या औषधाचे थेंब सोडायचे. चांगली काच पाण्याला काही म्हणजे काही देत नाही. वाईट काच क्षार सोडते, मग पाणी गुलाबी होतं. तसल्या बाटलीत औषध नासतं, क्वचित काचेचे कपटे सुटून सुईवाटे माणसाच्या अंगात जातात. गुलाबी पाणी दिसलं की आख्खा माल मोडीत. तिथं साहेबांचंही चालत नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत त्या नमुन्याचा कोपरा मोडून पाण्यात टाकला. उकळायचीसुद्धा गरज पडली नाही. थोडा वेळ ठेवून थेंब सोडले तर पाणी असं गर्द गुलाबी झालं की मी दचकून भांडं खाली ठेवलं. बाजूला दुसरं शुद्ध पाणी घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच.

असली टुकार काच मी जन्मात पाहिली नाही. बाटली तर सोडाच, हिची कपबशीसुद्धा मी पास केली नसती. आणि ही माझ्या भावाच्या हाडात घालणार! डॉक्टरीणबाई भल्या दिसतात, म्हणजे त्यांनाच कुणीतरी गंडवतंय. बरं झालं मी होते.

९ फेब्रुवारी

धाकट्याला सगळं समजावून सांगितलं. भांडं घरी आणून गुलाबी पाणी त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवलं. तो बघत राहिला. मग म्हणाला, "छान रंग आहे गं." मी म्हटलं, "रंगाचं कौतुक नको. ही काच नापास आहे. पायात घालायची नाही."

"डॉक्टरांना विचारूया का एकदा?"

"त्यांना काचेतलं काय कळतं? त्यांना हाडातलं कळतं."

त्यानं भावजयीकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर राहू दे." मी त्याच्यासमोरच फोन करून तारीख रद्द केली. भावजय उठली आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुवायला लागली. हल्ली ती फार दमते. शाळेच्या ग्रंथालयात धूळ खूप असते, तपासून घे म्हणून सांगितलं पाहिजे.

२० फेब्रुवारी

नव्या गोळ्या लागू पडल्या असाव्यात. पू कमी आहे. धाकटा म्हणतो, दुखत नाही. बरोबर होता माझा निर्णय.

४ मार्च

दुखत नव्हतं म्हणे! आज कामावरून आले तर अंथरुणात थडथडत होता, अंग तव्यासारखं तापलेलं. भावजय म्हणाली, तीन दिवस झाले. "मला सांगितलं का नाही?" तर म्हणाली, "ते नको म्हणाले." दवाखान्यात भरती केलं.

६ मार्च

ताप उतरला, शिरेतून औषध चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे दाखवला. आणखी हाड विरलंय. "महिनाअखेरीला आला असतात तर पोकळी लहान होती," म्हणाल्या. "अजूनही हाडाचं बाहेरचं कवच शाबूत आहे. पण पुढच्या वेळी मला विचारायला काही उरणार नाही, सरळ पाय काढावा लागेल. का रद्द केलंत?"

धाकटा छताकडे बघत होता. मीच म्हटलं, "काच नापास आहे म्हणून."

"कोणत्या परीक्षेत?"

सांगितलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना तेवढ्यात नर्सनं हाक मारली. जाता जाता कागदावर पत्ता लिहून दिला. "ही काच जिथे होते तिथे एक मुलगी भट्टीवर असते. तिच्याशी भांडा. ती मला भेटलेली सगळ्यात भांडखोर शास्त्रज्ञ आहे, तुमचं जमेल."

भांडेनच. आधी पक्का पुरावा तयार करते. अर्धवट अहवाल घेऊन गेले तर माझंच हसं होईल.

२९ मार्च

धाकटा घरी आहे, कुबडी घेऊन संडासापर्यंत जातो. मी चाचण्या करतेय. दर वेळी गुलाबी. अहवालाची पानं वाढतायत, कामाच्या धबडग्यात भट्टीवर जायला मात्र सवड होत नाही. भावजय माझ्याशी कामापुरतंच बोलते. चहा देते पण बसत नाही. धाकटा तर फारच गोड वागतो.

७ एप्रिल

घरात काहीतरी शिजतंय. मी खाली आले की दोघं बोलायचे थांबतात. काल भावजयीला फोन आला तर ती गॅलरीत जाऊन, दार लोटून बोलली. अठराला माझा वाढदिवस आहे, हे मी विसरले नाही म्हणावं! पण ताकास तूर लागू देत नाहीत दोघं. बरं वाटलं. एवढ्या संकटातही त्यांना माझं सुचतंय.

१३ एप्रिल

आज धाकट्यानं विचारलं, "ताई, तुला न सांगता काही केलं तर रागावशील का गं?"

मी मनात हसले. म्हटलं, "जास्त खर्च नको करूस म्हणजे झालं."

त्याचे डोळे भरून आले. वेडा आहे. पुढे म्हणाला, "परवा तुला कामावर जायचंय ना? नक्की?" मी म्हटलं, परवा रजा घेऊन भट्टीवर जाणार आहे, त्या काचवालीला जाब विचारायला. तो लगेच म्हणाला, "हो हो, जा. निवांत जा. दिवसभर लागला तरी चालेल."

१५ एप्रिल, सकाळ

निघते आहे. खाली डोकावले तर भावजय पिशवी भरत होती, टॉवेल, दोन पायजमे, दात घासायचा ब्रश. "ड्रेसिंगला जातोय," म्हणाली. ड्रेसिंगला ब्रश कशाला? पण बाईचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. धाकट्यानं मला वाकून नमस्कार केला. म्हटलं, "वाढदिवस अजून लांब आहे रे." अहवाल घेतला. आज त्या बाईची खैर नाही.

१५ एप्रिल, नंतर

कुठून सुरू करू? जसं घडलं तसंच लिहिते.

भट्टीची जागा म्हणजे एका लांबलचक इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. काचवाली तिशीच्या आतली, चष्मा कपाळावर, केसांत पांढरी भुकटी. टेबलावर स्पंजांचा ढीग, आपण भांडी घासतो तसले. मी मनातल्या मनात तिला स्पंजबाई म्हणून टाकलं. बसायच्या आधीच अहवाल तिच्या पुढ्यात आपटला. "ही तुमची काच. पाण्यात टाकताक्षणी क्षार सोडते. सपशेल नापास!"

तिनं आकडे वाचले. पान उलटलं. आणि टाळी वाजवली हो! "किती सुंदर आलंय! आमच्या इथं इतकं नेटकं कुणी करत नाही. तुम्ही नोकरी सोडून इकडे याल का?"

मी म्हटलं, "थट्टा नको. क्षार सोडते ती काच वाईट."

"तुमच्या बाटलीसाठी वाईट. बाटलीनं गप्प बसायचं असतं. आतल्या औषधात लुडबुड करायची नाही. बरोबर?"

"बरोबर."

"माझ्या काचेला लुडबुडच करायचीय. चला, दाखवते."

तिनं दोन नळ्या समोर धरल्या. दोन्हींत जंतूंचं खाद्य, दोन्हींत तेच जंतू, धाकट्याच्या पायात आहेत त्याच जातीचे. एक नळी गढूळ, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी. दुसरीच्या तळाशी काचेची कणी, आणि वरचं पाणी नितळ, आरपार दिसणारं. "औषध नाही, काही नाही," ती म्हणाली. "नुसती काच. तिच्यातून क्षार सुटतो, भोवतालचं पाणी जंतूंना सोसत नाही. औषधांना सरावलेले जंतू असतात ना, तेही याला सरावलेले आम्हाला अजून दिसले नाहीत. तुमचं गुलाबी पाणी ते हेच."

मी स्टूल ओढून बसले. जे पाणी बघून मी ऑपरेशन मोडलं, तेच पाणी माझ्या भावाचा पाय वाचवणार होतं.

तरी माझी सवय जात नाही. विचारलं, "मग जंतू मरतात, तसं आजूबाजूचं मांस नाही का मरत?" ती खूश झाली. म्हणाली, बरोबर प्रश्न. जिवंत मांसात रक्त वाहतं, ते जास्तीचा क्षार धुऊन नेतं. काच कशाची किती घालायची, किती वेगानं विरघळू द्यायची, यातच त्यांचं सगळं कसब आहे. जास्त जोरात विरघळली तर तीही नापास. मग तिनं स्वतःची नापास काच दाखवली, कपाटभर! मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आणि ती होते कशी! स्पंज घेतात, हव्या त्या मापाचा कापतात, काचेच्या भुकटीच्या पातळ चिखलात बुडवून पिळतात. वाळवून भट्टीत ठेवतात. स्पंज जळून धूर होऊन निघून जातो आणि त्याच्या जाळीवर बसलेली काच तेवढी एकमेकीला चिकटून उभी राहते. ती भोकं शोभेची नव्हेत. त्यांतून रक्ताच्या बारीक नळ्या आत शिरतात आणि त्यांच्या मागून हाड बांधणाऱ्या पेशी येतात. "आम्ही फक्त परांची बांधतो," स्पंजबाई म्हणाली. "घर शरीर बांधतं. घर झालं की परांची आपोआप जाते."

शेवटी तिनं मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला दिला. शरीरातल्या पाण्यासारख्या पाण्यात आठवडाभर ठेवलेला तुकडा होता. काचेची गुळगुळीत भिंत मी रोज बघते. ही ती नव्हती. तिच्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे गेंदच्या गेंद उगवले होते. "हाडात जे खनिज असतं ना, तेच आहे हे," ती म्हणाली. "कुणी पेशी नाही, रक्त नाही, नुसतं पाणी होतं. काचेनं आपणहून केलं." मी डोळा काढलाच नाही. खूप वेळानं तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं, मी रडत होते. काच ही मेलेली वस्तू आहे असं मी जन्मभर धरून चालले होते.

मग धाकट्याची आठवण झाली. त्याला सांगायला हवं होतं, कर, लगेच कर. फोन लावला, उचलेना. भावजयीला लावला, तीही उचलेना. बसनं थेट दवाखान्यात गेले, म्हटलं ड्रेसिंग अजून चालू असेल.

ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर भावजय. तिच्या मांडीवर त्याचं घड्याळ, त्याचा चष्मा आणि सकाळची ती पिशवी.

मला पाहून ती उभी राहिली. दाराच्या आडवी उभी राहिली. "आता थांबवता येणार नाही, ताई. आत नेलंय."

"मी थांबवायला नाही आले गं."

तिचा विश्वास बसला नाही. तशीच उभी. मग इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. "त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती. पाय जाईल याचीही नव्हती. तुम्हाला 'नाही' म्हणायची होती. रात्ररात्र दुखत होतं आणि आवाज वर तुमच्या खोलीत जाऊ नये म्हणून तोंडात उशी कोंबत होते. मी सहीचा कागद पुढे केला तर म्हणाले, ताईला विचारू. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी म्हटलं, मग पायही ताईलाच द्या."

वाढदिवस कसला आणि काय. घरात शिजत होतं ते हे. उंटावरचा शहाणा बघायचा असेल तर लांब जायला नको, आरशात बघावं.

तिच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळानं तिनं घड्याळ आणि चष्मा माझ्या मांडीवर ठेवला आणि पाणी प्यायला गेली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त हाड काढावं लागलं. पोकळी काचेनं भरली आहे. "आता वाट बघायची," म्हणाल्या. जास्त का काढावं लागलं ते त्या बोलल्या नाहीत. मला माहीत आहे.

१८ एप्रिल

धाकटा शुद्धीत, चेष्टेवर आला. "ताई, मी आता फुटका माल. जपून उचला." मी म्हटलं, "माझ्यावर रागव ना रे एकदा." म्हणाला, "उद्या. आज तुझा वाढदिवस आहे." आणि तोंड फिरवून घेतलं. तेवढं बरं वाटलं, खरंच.

६ मे

जखमेतून पाणी यायला लागलं. ड्रेसिंग ओलंचिंब. माझी पाचावर धारण बसली. पर्समधून पाण्यातला क्षार दाखवणारी रंगपट्टी काढली, ओल्या कापसाला लावणार तोच भावजयीनं माझं मनगट धरलं. "ताई. डॉक्टरांना विचारू." मी पट्टी परत ठेवली. फोन तिनंच केला. बाई म्हणाल्या, पाणी नितळ आहे ना? वास नाही ना? ताप नाही? मग घाबरू नका, ही काच घातली की काही आठवडे असं पाणी येतं कधी कधी, रक्त तपासून खात्री करू. माझ्या पट्टीनं यातलं काही कळलं नसतं, हेही मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं.

९ मे

रक्ताचा अहवाल चांगला. जंतूंचा जोर उतरतोय. जिवात जीव आला.

३० मे

पाणी थांबलं. जखम कोरडी, मिटलेली. भावजयीनं कोरडा कापूस मला आणून दाखवला, जणू फूल आणलं. त्या कापसाकडे आम्ही दोघी बघत बसलो. मग ती माझ्यासोबत चहाला बसली.

१२ जुलै

स्पंजबाईनं मला तिचं ते शरीरातल्यासारखं पाणी आणि एक तुकडा दिला होता. माझ्या खोलीत उबेच्या पेटीत तो ठेवलाय, दर सोमवारी बघते. पोरं म्हणतात, नापासबाईंनी काच पाळलीय. आज तुकड्याची भोकं आकसलेली दिसली, भिंतीवर पांढरा थर जाडजूड. बाहेर काढताना जपून धरला. आणि विचार आला की आत्ता, या क्षणी, तो खुर्चीत बसून शेंगा खातोय आणि त्याच्या नडगीत अंधारात हेच चाललंय. त्याला जाणवतही नसेल. कुणीही सांगत नाही, देखरेख करत नाही, पास-नापास करत नाही, आणि तरी काम चोख होतंय. माझ्यासारखीनं हे बघून काय करावं? मी हात जोडले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून, पण जोडले.

३ सप्टेंबर

एक्स-रे. पहिल्यांदा काच स्पष्ट दिसायची, पांढरा गठ्ठा, कडा रेखल्यासारख्या. आज कडा सापडेनात. डॉक्टरीणबाई पेन घेऊन शोधत होत्या. "इथं काच आहे... नाही, हे हाड. इथं... हेही हाडच वाटतंय." दरवर्षी इतके पाय बघणाऱ्या बाई, पण त्यांचाही आवाज खाली आला. शिकाऊ डॉक्टरांना बोलावून त्यांनी दाखवलं. सगळी काच जायला अजून काही वर्षं लागतील, म्हणाल्या, पण घाई कुणाला आहे. भार द्यायला हरकत नाही.

धाकट्यानं कुबडी भिंतीला टेकवली. मी हात पुढे केला. त्यानं तो घेतला नाही, टेबलाची कड धरली आणि उभा राहिला. नंतर कडही सोडली. माझा हात तसाच अधांतरी. भावजयीनं तो तिच्या हातात घेतला.

२१ नोव्हेंबर

काठीही गेली. रोज चालतो, रोज जरा जास्त. भावजय त्याच्याबरोबर जाते. मला बोलावतात, मी कधी जाते, कधी नाही. त्यांना एकटं चालू द्यावं असं वाटतं. हे मला आधी का वाटलं नाही कोण जाणे. गोळ्या बंद होऊन बरेच दिवस झाले, जंतूंनी डोकं वर काढलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, वर्ष होऊ द्या, मग बोलू.

१६ एप्रिल

काल वर्ष झालं. बाईंनी सगळं तपासलं. रक्त स्वच्छ, हाड भक्कम. खात्याला द्यायचा दाखला त्यांनी लिहून दिला असं भावजय म्हणाली. कसला ते मी विचारलं नाही. लागेल तेव्हा सांगतील.

८ मे

रविवार. दुपारी वाऱ्यानं आमच्या गल्लीतली तार तुटली, वीज गेली. उकाड्यानं जीव नकोसा झाला म्हणून खाली आले तर कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी लागलेली आणि वर एक वायरमन, पाठमोरा, डोक्यावर पिवळी टोपी. एक पाय पायरीवर, दुसरा खांबाला टेकवून, दोन्ही हात तारेत. त्याचा सगळा भार डाव्या पायावर होता. मला बघवेना. ओरडले, "अहो, जरा जपून हं!"

वरून आवाज आला, "ताई, मला कधीपासून अहो-जाहो करायला लागलीस?"

धाकटा. माझा धाकटा होता. इतकी वर्षं त्याला खुर्चीतच पाहिलेलं, म्हणून मला ओळखू आला नाही. डावा पाय. तोच पाय. ज्याच्यात मी नापास केलेली काच आहे, किंवा होती, किंवा आता तिथं काय आहे ते डॉक्टरीणबाईंनाही नीट सांगता येत नाही.

"खाली उतर" हे शब्द अगदी ओठांवर आले. गिळले. खाली त्याचा सोबती शिडी धरून उभा होता. तरी मी गेले आणि दुसऱ्या बाजूनं गच्च धरली, दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून.

थोड्या वेळानं वरून हाक आली, शांतपणे. "ताई, सोड. तू धरलीस की हलते."

मी हात काढले. चार पावलं मागे आले आणि तो खाली येईपर्यंत मान वर करून बघत उभी राहिले.